रंगाऱ्यांनी दाखवलेली पेशी

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पेशीचं केंद्रक जांभळं असतं आणि भोवतालचा पेशीद्रव गुलाबी. रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या काचपट्टीवरही तेच दिसतं. हे दोन्ही रंग माणसाच्या शरीराचे नाहीत. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. यकृताचा पातळ काप काचेवर नुसता ठेवला, तर नुसत्या डोळ्यांना पुसट डाग दिसतो आणि भिंगाखाली धूसर पडदा.

मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी शरीर आणि रसायनं या विषयावर बोलायला गेले होते. पडद्यावर त्वचेच्या, फुफ्फुसाच्या, मूत्राशयाच्या काचपट्ट्यांची छायाचित्रं दाखवत होते. एका तरुण ऑपरेटरने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, माणूस आतून खरंच असा रंगीत असतो का?" माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून झाली. शरीरातून काढलेल्या तुकड्याचे काप करून, त्यांना रंग देऊन डॉक्टरांसमोर ठेवायचे, हे माझं काम. इतक्या वर्षांत हा प्रश्न वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मला क्वचितच विचारला. कारखान्यातल्या मुलाला तो पडला, कारण रंग कुठून तरी आणावा लागतो हे सोलापूरच्या मुलाला ठाऊक असतं.

आणि पेशीचा रंग आला तो कापडाच्या धंद्यातून. पाठ्यपुस्तकात पेशीच्या शोधाचं श्रेय भिंगं घासणाऱ्यांना आणि वैद्यांना दिलेलं असतं. रंगाऱ्यांचं नाव त्यात नसतं, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा सांगते. सोलापुरातून पुण्याकडे निघालं की बाळे, केगाव, कोंडी मागे पडतं आणि चिंचोळी काटीच्या माळावर कारखाने लागतात. अक्कलकोट रोडची वसाहत यंत्रमागांची, चादरी-टॉवेलांची. चिंचोळीत मात्र रसायनं आणि इंजिनिअरिंग. गाड्यांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट इथून परदेशात जातात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्सने पहिला कारखाना तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीला घातला, नंतर चिंचोळीत विस्तार केला. माझा मुलगाही इथल्याच एका रासायनिक कारखान्यात पाळीवर असतो. अमाइन म्हणजे अमोनियाचं भावंड: अमोनियाच्या रेणूतला एखादा हायड्रोजन काढून तिथे कार्बनचा गट बसवलेला. मिथिलअमाइनला मासळीचा वास येतो. पाण्यात उतरलं की अमाइन एक प्रोटॉन उचलतं आणि त्याच्यावर धन विद्युतभार येतो. हा धन भार ध्यानात ठेवा. पेशीचं केंद्रक दिसू लागलं त्यात या भाराचा मोठा वाटा आहे.

सोलापुरात सूत रंगवण्याचं काम गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं आहे. निळीचा रंग देणारे निराळी, इतर रंगांचे रंगारी, आणि तेलंगणातून आलेले आम्ही पद्मशाली विणकर. निळीच्या रांजणात नीळ चुना आणि गूळ घालून आंबवायची. त्या पाण्यात बुडवलेली लडी बाहेर काढली की आधी पिवळट-हिरवी दिसते, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. लाल रंग आलीच्या मुळ्यांचा किंवा पतंगाच्या लाकडाचा. पण पतंगाच्या काढ्यात सूत नुसतं उकळलं तर दोन धुण्यांत रंग जातो. आधी ते तुरटीच्या पाण्यात मुरवावं लागतं. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. रंगाऱ्याची सगळी विद्या या पकडीत होती.

१८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला आणि आलीच्या शेतीचा बाजार उठला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ विक्रीला आली. त्याच काळात सोलापुरात गिरण्या उभ्या राहत होत्या. जुनी मिल १८७७ ची, आणि विसावं शतक उजाडायच्या सुमारास नरसिंग गिरजी, लक्ष्मी, पुढे विष्णू. माझे वडील, आम्ही त्यांना नायना म्हणायचो, एका गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी सुटल्यावर पूर्व भागात चादरवाल्यांना सूत रंगवून द्यायचे. त्यांच्या कामातलं मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे बर्फ. मे महिन्यात बेचाळीस अंशांत गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या रिक्षातून यायच्या. त्या कशाला, हे पुढे सांगते.

आता भिंगाकडे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशींच्या रिकाम्या खोल्या पाहिल्या, हे सर्वांना माहीत असतं. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत डेल्फ्टच्या ल्युवेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगांतून रक्तातल्या तांबड्या पेशी पाहिल्या. हा ल्युवेनहूक कापडाचा व्यापारी होता. कापडातले धागे मोजायला भिंग वापरायची त्याच्या धंद्यातली रीत होती. आजही सोलापुरात कापड घेणारा माणूस खिशातून घडीचं छोटं भिंग काढतो आणि इंचात किती धागे आहेत ते मोजतो. ल्युवेनहूकची नजर अशीच तयार झाली होती. १७१४ च्या सुमारास त्याने स्नायूचे तंतू नीट दिसावेत म्हणून त्यांना केशराचा रंग दिला. मांसाला रंग देऊन पाहायची कल्पना कापडवाल्याला सुचली, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

त्यानंतर शंभरावर वर्षं ही कल्पना पडून राहिली. पॅरिसच्या बिशाने १८०१ मध्ये शरीरातल्या ऊतींचे २१ प्रकार सांगितले, तेही सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून. हाताने चिरून, उकळून, आम्लात भिजवून, सुकवून त्याने ते वेगळे काढले. भिंगावर त्याचा विश्वास नव्हता, कारण त्या काळच्या भिंगातून प्रत्येकाला वेगळंच दिसायचं. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशीत केंद्रक दाखवलं, १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत असं मांडलं, आणि १८५५ मध्ये फिर्कोने सांगितलं की पेशी पेशीतूनच जन्मते. तत्त्व पक्कं झालं होतं. तरी माणसाच्या मेंदूचा काप काचेवर ठेवला की पारदर्शकात पारदर्शक, अशीच गत होती.

१८५८ मध्ये एर्लांगेनच्या योझेफ फॉन गेरलाख यांनी मेंदूच्या कापांसाठी कारमाइन वापरला. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून काढलेला हा लाल रंग रेशमी आणि लोकरी कापडांसाठी विकला जाई. आपल्याकडे लाखेच्या किड्याचा लाल रंग त्याच घराण्यातला. दाट रंगात गेरलाख यांना हवं तसं काही मिळत नव्हतं. पण अगदी फिक्या पाण्यात एक काप रात्रभर राहिला, आणि सकाळी केंद्रकं गडद होऊन वेगळी उठून दिसली. फिका रंग आणि भरपूर वेळ. हे तंत्र कोणत्याही रंगाऱ्याने त्यांना सांगितलं असतं.

त्याआधी दोन वर्षं लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनने हिवतापावरचं क्विनीन बनवायला घेतलं आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्याचा कच्चा माल अॅनिलीन, म्हणजे एक अमाइन, डांबरातून काढलेलं. तिथून अॅनिलीन रंगांची लाट उसळली. फुक्सिन, मिथिल व्हायोलेट, १८७६ मध्ये मिथिलीन ब्लू. सगळे आधी कापडासाठी बनले. आणि युरोपातल्या शरीररचनेच्या विभागांनी कापडाच्या रंगाची प्रत्येक नवी बाटली घेऊन ती पेशींवर टाकून पाहिली. पॉल एर्लिख नावाच्या विद्यार्थ्याने तर १८७८ चा आपला प्रबंधच या रंगांवर लिहिला: हा रंग याच पेशीला का धरतो, तिला का नाही?

त्याचं उत्तर भारात आहे. केंद्रकात डीएनए असतो, आणि डीएनएच्या कण्यात फॉस्फेटची रांग असते. तिच्यावर ऋण भार असतो. अॅनिलीन घराण्यातल्या मिथिलीन ब्लूसारख्या रंगांवर अमाइनमुळे धन भार असतो. म्हणून ते थेट केंद्रकात जाऊन बसतात. पेशीद्रवातल्या प्रथिनांवर मात्र धन भाराच्या जागा पुष्कळ असतात, तिथे ऋण भाराचा रंग बसतो. हाइनरिख कारो या कापडरंगांच्या रसायनतज्ज्ञाने १८७४ मध्ये बाजारात आणलेला इओसिन असा ऋण भाराचा. रेशमाला तो सुंदर गुलाबी रंग देतो, आणि पेशीद्रवालाही.

माझ्या हातून सगळ्यात जास्त वापरला गेला तो मात्र अॅनिलीनचा रंग नव्हता. हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोच्या कॅम्पेचे भागातल्या लॉगवुड झाडाच्या लाकडातून निघतो. हे झाड आपल्या पतंगाचं जवळचं नातलग, आणि दोघांतले रंगद्रव्याचे रेणू एका ऑक्सिजनच्या फरकाने सख्खी भावंडं. युरोपात लॉगवुडने काळं कापड रंगवत. १८६३ मध्ये वाल्डायर यांनी तो पेशींवर वापरून पाहिला, पण जमलं नाही. १८६५ मध्ये ब्योमर यांनी त्यात तुरटी घातली आणि केंद्रकं निळी-जांभळी झाली. आलीच्या आणि पतंगाच्या रंगाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक असलेली तीच तुरटी. अॅल्युमिनियम केंद्रकालाही धरतं आणि रंगालाही. १८७६ मध्ये हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन एकत्र आले. आज जगातल्या कुठल्याही रुग्णालयात गाठीचा तपास होतो तो बहुधा याच जोडीवर.

आमचं काम असं चालतं. तुकडा फॉर्मलीनमध्ये येतो. मग चढत्या तीव्रतेचा अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतो, झायलिन अल्कोहोल काढून घेतं, आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन त्याची जागा घेतं. मेणाचा ठोकळा थंड झाला की मायक्रोटोमच्या पात्यावर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, एकाला एक चिकटून, लांब फितीसारखे. एका तांबड्या पेशीचा व्यास सात मायक्रॉन. म्हणजे आमचा काप एका पेशीपेक्षाही पातळ. कोमट पाण्यावर तो तरंगवायचा, काचेवर उचलायचा, मेण काढायचं आणि रंगाच्या भांड्यात सोडायचा.

हिमॅटॉक्सिलिन मुळात रंगहीन असतो. हवेने त्याचं हिमॅटीन होतं तेव्हा रंग येतो. जुन्या पद्धतीत द्रावणाच्या बाटलीला कापसाचा सैल बोळा लावून ती खिडकीत उन्हात कित्येक आठवडे ठेवत. पिकवायची म्हणत. नायनांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे निळीसारखंच, हवा खायला हवी." रंग दिल्यावर काप आधी लालसर जांभळा दिसतो. आम्लाच्या अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून जादाचा रंग काढतात, आणि मग नळाच्या वाहत्या पाण्यात धरतात. पाण्यातल्या थोड्या क्षाराने केंद्रक निळं होतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी यायचं तेव्हा निळाई झटकन यायची. लडी कोणत्या पाण्यात धुवायची याची नायना जशी निवड करत, तशीच आम्हीही करायचो.

एकदा हे दोन रंग आले की शरीर वाचता येतं. अभिस्तर ऊती लगेच ओळखू येते, कारण तिच्या पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि निळे ठिपके जवळजवळ असतात. ही शरीराची सगळी पृष्ठं झाकते: त्वचा, आतड्याची आतली बाजू, श्वासनलिका, मूत्राशय. संयोजी ऊतीत निळे ठिपके विरळ आणि मधली गुलाबी जागा मोठी. कोलॅजनचे तंतू, कूर्चा, हाड, चरबी, रक्त हे सगळं तिच्यात मोडतं. यात पेशींपेक्षा पेशींनी भोवती रचलेला माल महत्त्वाचा असतो. स्नायूच्या पेशी लांब आणि गडद गुलाबी. हाडांना जोडलेल्या स्नायूंवर आडवे पट्टे असतात आणि केंद्रकं कडेला सरकलेली, हृदयाच्या स्नायूला फाटे फुटलेले, आणि आतड्याच्या भिंतीतला स्नायू पट्ट्यांविना, चातीसारख्या पेशींचा. चेता ऊतीत मोठी पेशी, तिच्यात मोठं फिकट केंद्रक, आणि त्याच्या मधोमध गडद केंद्रकी. आज आपण चार ऊती सांगतो. बिशाने हातांनी वेगळ्या काढलेल्या २१ ऊती या चारांत सामावल्या, कारण रंगामुळे पेशीच्या आकारावरून विभागणी करता आली.

पेशीच्या आतलंही रंगाने उघडलं. वाल्टर फ्लेमिंग यांनी अॅनिलीन रंग वापरून पेशी दुभंगताना केंद्रकातले धागे कसे दिसतात ते १८८२ मध्ये ग्रंथात मांडलं. रंग सहज घेतं म्हणून त्यांनी त्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हटलं, आणि १८८८ मध्ये वाल्डायर यांनी त्या धाग्यांना क्रोमोसोम हे नाव दिलं. आपण गुणसूत्र म्हणतो. माणसात ती ४६ असतात हे नक्की ठरायला १९५६ उजाडावं लागलं. तोवर सगळे ४८ मोजत होते. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका बेंडा यांनी खास रंग देऊन १८९८ मध्ये दाखवली, आणि त्याच वर्षी गॉल्जी यांनी चांदीच्या क्षाराने काळं करून प्रथिनांची बांधाबांध करणारं संकुल दाखवलं. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी काचपट्टीवर ही दोन्ही दिसत नाहीत. कोणत्या रंगाने विचारलं, त्यावर पेशी काय सांगते ते ठरतं.

आता बर्फाची गोष्ट. सोलापुरी चादरीचा तो गडद लाल आणि मरून रंग पुष्कळदा नॅप्थॉलचा असायचा. नॅप्थॉलच्या रंगात तयार रंग धाग्यावर चढवत नाहीत. आधी सूत नॅप्थॉलच्या द्रावणात भिजवून पिळायचं. दुसऱ्या टाकीत 'बेस', म्हणजे बेंझीनच्या कड्याला लागलेलं एक अमाइन, नायट्राइट आणि आम्लाबरोबर कालवायचं. हे मिश्रण गरम झालं की नासतं, म्हणून बर्फ. त्यात लडी घातली की रंग धाग्याच्या आतच तयार होतो, एका क्षणात, आणि पक्का बसतो. नायनांच्या हातांवर तो महिनोन्महिने असायचा.

नोकरीच्या काळात रक्ताच्या कर्करोगाच्या तपासण्या शिकण्यासाठी मला काही दिवस दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तिथे एस्टरेजची तपासणी शिकवली. पांढऱ्या पेशींच्या काही प्रकारांत हे विकर असतं, काहींत नसतं, आणि त्यावरून ल्युकेमियाची जात ओळखायला मदत होते. बाटलीवर लिहिलं होतं: नॅप्थॉल एएस-डी क्लोरोअॅसिटेट. शेजारी दुसरी बाटली, फास्ट गार्नेट. नॅप्थॉल आणि बेसचं तेच लग्न! पेशीतलं विकर नॅप्थॉल मोकळं करतं, फास्ट गार्नेट त्याला पकडतो, आणि जिथे विकर आहे त्याच जागी लाल कण उमटतो. धाग्यात रंग तयार होतो तसा पेशीत. घरी येऊन मी नायनांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तिथे बर्फ कोण आणून देतं?" मी म्हटलं, थोडासाच लागतो, फ्रीजमध्ये असतो.

या रंगांची काळी बाजू सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांतल्या मूत्राशयाच्या तीन गाठींची नोंद केली. पुढे स्पष्ट झालं की दोष रंगापेक्षा त्याच्या कच्च्या मालात होता. बेंझिडीन आणि बीटा-नॅप्थिलअमाइन ही बेंझीन कड्याची अमाइन्स त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात, यकृतातल्या पेशी त्यांचं रूप बदलतात, आणि ती लघवीतून मूत्राशयात उतरतात. मूत्राशयाचं अस्तर ताणलं जाणारं असतं. रिकामं असताना त्याच्या पेशींचे पाच-सहा थर दिसतात आणि वरच्या पेशी घुमटासारख्या फुगलेल्या, भरलं की थर दोन-तीनच राहतात. या पेशी तासन्‌तास त्या द्रवाच्या सान्निध्यात असतात. अमाइनचा बदललेला रेणू डीएनएला चिकटतो, आणि वर्षांनी, कधी वीस-तीस वर्षांनी, गाठ येते. डीएनएकडे धाव घेणारं हे रसायनांचं घराणं पेशी दाखवत होतं आणि तिच्या आत घावही घालत होतं. नव्वदच्या दशकात भारत सरकारने बेंझिडीनवर आधारलेल्या आणि इतर अझो रंगांपैकी मिळून ११२ रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. नायनांच्या पिढीतल्या किती रंगाऱ्यांनी उघड्या हातांनी बेस कालवला याची वही कुणी ठेवली नाही. ती ठेवायला हवी होती.

म्हणूनच बार्शीचं काम मला फार मोठं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या मदतीने ग्रामीण भागातली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदवही सुरू झाली. गावोगाव माणसं जाऊन कोणाला कुठली गाठ झाली हे लिहून काढू लागली. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी? नुसतं व्हिनेगरसारखं आम्ल लावून बघावं, पॅप चाचणी करावी, की या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी? पॅप चाचणीत गर्भाशयमुखाच्या अभिस्तर पेशी खरवडून काचेवर घेतात आणि पापानिकोलाऊ यांच्या मिश्रणाने रंगवतात: हिमॅटॉक्सिलिन, ऑरेंज जी, इओसिन वगैरे. तयार पेशी गुलाबी-नारिंगी, कोवळ्या निळ्या-हिरव्या, आणि बिघडलेल्या पेशीचं केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एकदाच विषाणूची चाचणी झाली, त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणीच्या धोरणांत या आकड्याचा उल्लेख होतो. तो आला धाराशिवच्या गावांतल्या बायकांमुळे आणि बार्शीत काचपट्ट्या घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या तंत्रज्ञांमुळे.

चिंचोळीतली अमाइन्स वेगळ्या घरातली आहेत. त्यांच्यात बेंझीनचं कडं नाही, मिथिल-इथिलच्या साध्या साखळ्या आहेत, आणि रेन यांना दिसलेला मूत्राशयाचा धोका त्यांचा नाही. त्यांचा उपयोगही पेशीपर्यंत पोचतो. डायमिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड हा मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा कच्चा माल, आणि बालाजी अमाइन्सच्या उत्पादनांत तो आहे. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये पहिल्यांदा बनलं, १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचं प्रसिद्ध केलं. ते मुख्यतः यकृताच्या पेशीत शिरतं, तिथल्या तंतुकणिकांच्या कामाला लगाम घालतं, आणि यकृत रक्तात सोडत असलेली साखर कमी होते. धन भाराचा हा रेणू ऋण भाराच्या तंतुकणिकेकडे ओढला जातो. तंतुकणिका ओळखायला जुने संशोधक जेनस ग्रीन नावाचा रंग वापरत, आणि तोही धन भाराचाच.

धोका मात्र याही अमाइन्समध्ये आहे, त्वचेला आणि डोळ्यांना. त्या दिवशी मी शेवटी दोन काचपट्ट्या शेजारी-शेजारी दाखवल्या. एक तळहाताच्या त्वचेची. तिच्या वरच्या जाड गुलाबी थरात एकही निळा ठिपका नाही, कारण त्या पेशी मेलेल्या आहेत, केंद्रक गेलेलं आहे, आत केराटिन ठासून भरलेलं आहे. हा थर शरीराचा हातमोजा आहे आणि काही क्षण तरी तो टिकाव धरतो. दुसरी डोळ्याच्या पारपटलाची. तिथे अगदी वरच्या कडेपर्यंत निळे ठिपके, पाच-सहा थर, केराटिनचा मेलेला थर नाही, कारण तो असता तर आरपार दिसलं नसतं. अमाइन क्षारधर्मी असतं. आम्ल पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरापाशी बरंचसं अडतं. क्षार मात्र पेशीपटलातल्या मेदाचा साबण करतो आणि आत उतरत जातो.

पारपटलाचा वरचा थर खरवडला गेला तरी काही दिवसांत भरून येतो. त्याच्या मूळ पेशी बुबुळाच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर, एका अरुंद कड्यात असतात आणि तिथून नव्या पेशी मध्याकडे सरकत येतात. क्षाराने ते कडंच जाळलं तर भरून काढणारं कुणी राहत नाही. पांढऱ्या भागावरचं रक्तवाहिन्यांचं आवरण पारपटलावर चढतं आणि दृष्टी जाते. म्हणून डोळ्यांत शिंतोडा गेला की सुपरवायझरला सांगायला धावायचं नाही, आधी आयवॉशखाली जायचं, पापण्या बोटांनी फाकवून धरायच्या आणि निदान पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. पहिल्या काही सेकंदांत सुरू झालेलं पाणी ते कडं वाचवू शकतं.

रंगाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने यावर दुसरा प्रश्न केला. आयवॉशचं पाणी उन्हाने तापलेलं असलं तर? पत्र्याखालच्या पाइपातलं चिंचोळीचं पाणी मे महिन्यात हात भाजेल इतकं तापतं, आणि तसलं पाणी डोळ्यात पंधरा मिनिटं कुणी धरणार नाही. पाइप सावलीतून न्यावा आणि पाळी सुरू होताना नळ थोडा वेळ सोडून गरम पाणी काढून टाकावं, असं मी सांगितलं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि आम्ही सगळे मिळून शेडच्या मागे तो पाइप पाहायला गेलो.